जुन्या व्ही-८ ट्रकची टायमिंग चेन बदलताना: सायलेंट की डबल रोलर?

व्हॉल्व्ह उघडणारा कॅम इंजिनाच्या मुख्य दांड्याशी (क्रँकशी) जुळवून फिरवणारी टायमिंग चेन ढिली झाली आहे याची खात्री पटली आणि रेडिएटर, फॅन, वॉटर पंप व पुढचा बॅलन्सर (क्रँकच्या टोकावरचे कंप शोषणारे चाक) उतरवण्याची तयारी झाली, की ठरवण्यासारखी एकच गोष्ट उरते. कारखान्यातून आली होती तशीच सायलेंट चेन पुन्हा बसवावी, की तिच्या जागी डबल रोलर, म्हणजे रोलरच्या दोन ओळी असलेली चेन, घालावी? माझ्या ट्रकच्या शेव्हरले ३५० (५.७ लिटर) इंजिनात मी काही वर्षांच्या अंतराने दोन्ही बसवल्या आहेत, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः त्या अनुभवावर आधारलेले आहे. कॅम ब्लॉकमध्ये, चेन आखूड, ती ताणून धरणारा टेन्शनर नाही आणि प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर कॅमवरून फिरतो, अशा पुशरॉड इंजिनांपुरतेच ते लागू समजावे. ओव्हरहेड कॅम, लांब चेन, गाईड आणि टेन्शनर असलेल्या इंजिनांचे गणित निराळे असते.

कोणतीही चेन निवडली तरी नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर (दातेरी चाकावर) चढवू नये. चेन ‘लांबते’ असे आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिचे छिद्र थोडे थोडे झिजते आणि त्या झिजेची बेरीज लांबी म्हणून दिसते. त्याच काळात स्प्रॉकेटचे दातेही चेनच्या झिजेप्रमाणे आकार बदलत असतात, आणि अशा दात्यांवर नवी चेन ठेवली तर ती लवकरच जुनीच्या वाटेने जाते. १९६० ते १९८० च्या दशकांतील अनेक इंजिनांत आवाज कमी करण्यासाठी कॅमचे स्प्रॉकेट ॲल्युमिनियमचे आणि त्यावरचे दाते नायलॉनचे असत. तुमच्या इंजिनात तसे स्प्रॉकेट निघाले आणि त्याचे दाते तडकलेले किंवा गळालेले दिसले, तर ऑइल पॅन उतरवून तेलाच्या पंपाची जाळी साफ केल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये, कारण नायलॉनचे तुकडे त्या जाळीतच जाऊन बसतात.

सायलेंट चेनबद्दल प्रथम चांगले लिहितो, कारण ती तितकी वाईट नाही. एकमेकींलगत रचलेल्या पातळ पट्ट्यांचे आतल्या बाजूचे दाते स्प्रॉकेटच्या दात्यांत अलगद बसतात, त्यामुळे ती खरोखरच शांत चालते. मूळ कव्हरमध्ये कोणतीही खटपट न करता ती बसते, खुणा सरळ असतात आणि चूक होण्याला फारसा वाव राहत नाही. नायलॉनऐवजी पूर्ण धातूचे स्प्रॉकेट असलेला संच घेतला, तर सामान्य वापराच्या ट्रकमध्ये ती पुष्कळ वर्षे टिकते, हे मी इतरांच्या इंजिनांत पाहिले आहे. डबल रोलर म्हणजे काहीतरी नवे आणि सुधारलेले, असा समज मात्र बरोबर नाही. हान्स रेनॉल्ड यांनी रोलर चेन १८८० मध्ये आणि उलट्या दात्यांची सायलेंट चेन १८८५ मध्ये आणली, म्हणजे या दोघींत वयाने मोठी आहे ती रोलर चेनच.

माझा कल ज्या एका गोष्टीने ठरला, ती टायमिंग लाइटखाली, म्हणजे ठिणगीच्या क्षणी चमकणाऱ्या दिव्याखाली, दिसते. पहिल्या वेळी मी विचारपूर्वक सायलेंट संच बसवला. काम नीट झाले होते, गळती नव्हती आणि पहिले काही महिने आयडलवर बॅलन्सरवरची खूण अंशांच्या पट्टीसमोर चिकटवल्यासारखी स्थिर दिसत असे. ट्रकला अधूनमधून जड ट्रेलर जोडलेला असतो. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्लग बदलताना सहज लाइट लावला, तर खूण एका जागी थांबेना. ती आठावरून चारावर आणि पुन्हा आठावर अशी सरकत राहिली. डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून मी तिचा मध्य साधला, पण मध्य साधणे म्हणजे टायमिंग लावणे नव्हे. त्यानंतर दर काही आठवड्यांनी मी बॉनेट उघडून तेच करत राहिलो, आणि प्रत्येक वेळी ट्रक चढावर आधीपेक्षा थोडा अधिक सुस्त वाटे.

असे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. कॅमचा उंचवटा व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंग त्याला मागे रेटते, आणि उंचवट्याचे टोक ओलांडताच तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते. चेन घट्ट असेल तर या ओढाताणीचा परिणाम दिसत नाही. ती ढिली झाली, की ढिलाई जितकी असेल तितका कॅम मागेपुढे डुलू लागतो, आणि त्याच्यावर चालणारा डिस्ट्रिब्युटरही त्याच्याबरोबर डुलतो. शिवाय चेनची ओढणारी बाजू लांबल्यामुळे कॅम एकूणच मागे पडतो. डिस्ट्रिब्युटर फिरवून आपण ठिणगीची वेळ पुन्हा जुळवतो आणि निश्चिंत होतो, पण व्हॉल्व्हची उशिरा झालेली वेळ तशीच राहते. चढावरची सुस्ती तिथून येते. मला त्रास झाला तो याच गोष्टीचा: बिघाड हळूहळू वाढत होता आणि माझ्या प्रत्येक दुरुस्तीने तो झाकला जात होता.

दोष चेनचाच आहे हे ठरवण्यापूर्वी मी दोन शक्यता तपासल्या, आणि तुम्हीही तपासाव्यात. बॅलन्सरचे बाहेरचे कडे रबरावर बसवलेले असते आणि ते सरकले तर खूण खोटी बोलते, मात्र असे सरकलेले कडे बहुधा खूण एका चुकीच्या जागी दाखवते, ती नाचवत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचे बुश झिजले तरी खूण डुलते, म्हणून दांडा बोटांनी बाजूला हलवून पाहावा. त्यानंतरची परीक्षा सोपी आहे. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढावे, क्रँक पान्याने एका दिशेला फिरवून ढिलाई संपवावी, पट्टीवरचा आकडा टिपून ठेवावा आणि मग क्रँक उलट दिशेला हळूहळू फिरवत रोटर कधी हलतो ते पाहावे. माझ्याकडे रोटर हलेपर्यंत पट्टीवर सात अंश सरकले होते. चेन नवी असताना हीच ढिलाई जेमतेम दोन अंशांची होती, असे माझ्या वहीत लिहिलेले आहे.

दुसऱ्या वेळी मी डबल रोलर बसवली. त्यानंतर ट्रकने पहिल्या चेनपेक्षा कितीतरी अधिक अंतर तोडले आहे, ट्रेलरही तोच आहे, आणि खूण अजून एका जागी उभी आहे. एका ट्रकच्या अनुभवावरून नियम काढता येत नाही हे मला मान्य आहे, आणि माझा पहिला संचच कमी प्रतीचा असू शकतो. तरीही दोन्ही वेळा काम करणारे हात तेच होते, तेलही तेच होते आणि ते बदलण्याचे अंतरही तेच होते.

तिच्याही तक्रारी आहेत. थंड इंजिन सुरू केल्यावर थोडा वेळ पुढून एक बारीक घरघर ऐकू येते. माझ्या कानाला ती आता जाणवत नाही, पण शांत इंजिनाची सवय असलेल्याला जाणवेल. पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये ही चेनसुद्धा बसते आणि थोडी सैल होते, त्यामुळे त्या काळात खूण अर्धा अंश हलली तर घाबरू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘डबल रोलर’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही चेनमध्ये खरे रोलर नसतातच. पिनवरची नळी जागेवर घट्ट असते आणि ती दात्यावर घासत जाते. अशी चेन घेण्यापेक्षा चांगली सायलेंट चेन केव्हाही बरी. चेन हातात घेऊन एकेक रोलर बोटाने फिरवून पाहावा; तो मोकळा फिरला, तरच जास्तीच्या खर्चाला अर्थ आहे.

खुणांची गुंतागुंत ही तिची आणखी एक अडचण आहे. अशा संचातील क्रँकच्या स्प्रॉकेटला बहुधा तीन खाचा असतात: एक सरळ, एक कॅम चार अंश पुढे नेणारी आणि एक चार अंश मागे नेणारी. प्रत्येक खाचेसाठी दात्याजवळ वेगळी खूण असते, आणि एका खाचेत चावी (स्प्रॉकेट क्रँकवर पक्के करणारी पाचर) घालून दुसऱ्या खाचेच्या खुणेशी जुळवणी करण्याची चूक सहज होते. संचाबरोबरचा कागद समोर ठेवावा आणि वेगळे करण्यामागे निश्चित कारण नसेल, तर सरळ खाचच वापरावी. काही इंजिनांत मात्र येथे थोडा विचार फायद्याचा ठरतो. १९७० च्या दशकातील फोर्ड ४६० सारख्या इंजिनांत धुराचे नियम पाळण्यासाठी कारखान्यानेच कॅम काही अंश मागे ठेवला होता, आणि चेन बदलताना तो सरळ केल्यास कमी वेगावरची ओढ परत येते.

दोन्ही चेनच्या बाबतीत लागू पडणारी एक सूचना येथेच देतो. शेव्हरलेच्या या इंजिनात वरची आणि खालची खूण समोरासमोर आणली, की संपीडनाच्या टोकावर सहावा सिलिंडर असतो, पहिला नव्हे. डिस्ट्रिब्युटर काढलेला असेल, तर क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवून मगच तो पहिल्या सिलिंडरवर बसवावा.

चेनऐवजी थेट गिअर घालण्याचा पर्यायही सुचवला जातो. त्यात ढिलाई जवळजवळ राहत नाही, पण सतत शिट्टीसारखा आवाज येतो आणि क्रँकचे धक्के कॅमपर्यंत थेट पोचतात. रोजच्या ट्रकसाठी मी त्याचा विचार केला नाही.

सायलेंट चेन कोणी घ्यावी, हेही सांगायला हवे. ट्रक हलक्या ओझ्याचा असेल, वर्षाकाठी थोडाच चालत असेल किंवा मूळ स्वरूपात जपायचा असेल, तर धातूच्या स्प्रॉकेटचा सायलेंट संच पुरेसा आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील, प्लॅस्टिकचे कव्हर आणि क्रँक सेन्सर असलेल्या इंजिनांतही रुंद डबल रोलर बसेलच असे नाही. तिथे आधी चौकशी करावी. पण ओझे वाहणारा, डिस्ट्रिब्युटरचा आणि पत्र्याच्या कव्हरचा ट्रक असेल, तर मी पुन्हा डबल रोलरच बसवीन, कारण एवढा सारा पुढचा भाग उतरवण्याचे काम दोन वर्षांनी परत करण्याची माझी तयारी नाही.

ती बसवताना कव्हरच्या आतल्या बाजूला चेनसमोर प्लॅस्टिसिनचे छोटे गोळे चिकटवावेत, गॅस्केटसह कव्हर हलकेच बसवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा आणि कव्हर पुन्हा काढून पाहावे. गोळा एखाद्या ठिकाणी कापला गेला असेल, तर तेथील पत्रा आतून थोडा ठोकून मागे घ्यावा किंवा अधिक खोल कव्हर आणावे, आणि ते जमल्यावरच नवे सील व गॅस्केट लावून बोल्ट आवळावेत.