एकटं अँटिबायोटिक की जोडीला दुसरं संयुग?

गोदाघाटाच्या पायऱ्यांवरचं शेवाळं नुसत्या पाण्याने निघत नाही, खरडावं लागतं. कॅथेटरवर, म्हणजे रुग्णाच्या शरीरात घातलेल्या नळीवर, जिवाणूंनी धरलेला थर, म्हणजे बायोफिल्म, तसाच चिवट. एकटं अँटिबायोटिक इथे तोकडं पडतं. मोकळ्या जिवाणूंना मारणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट मात्राही थरातले जिवाणू कधीकधी झेलतात. एवढा डोस माणसाला सोसणार कसा? जोडीचं संयुग तो थर सैल करतं किंवा जिवाणूंचे आपसातले रासायनिक निरोप अडवतं, मग औषधाला वाव मिळतो. आपल्या नाशिकच्या द्राक्षांच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल हे संयुगही प्रयोगशाळेत बायोफिल्मला अडवताना दिसलंय. (द्राक्षं खाऊन संसर्ग बरा होत नाही, हे आवर्जून सांगते.) साध्या संसर्गाला एकटं औषध बहुधा पुरतं. असा थर धरलेल्या, मधुमेहींच्या चिघळलेल्या जखमांसाठी मात्र मला जोडीचीच आशा वाटते, जरी अशी बरीच संयुगं अजून प्रयोगशाळेतच आहेत.