लोकमान्यनगरचे कॉकरवाले काका-काकू, पिल्लू आणि ट्रेनिंग दोन्हीचा अनुभव (४/५)

सात महिने थांबवलं हो यांनी, कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्र्याच्या एका पिल्लासाठी. आधीच सांगते, घाई असेल तर इथे जाऊच नका.

आम्ही मात्र थांबलो, कारण आधीचं पिल्लू शहरातल्याच एका दुकानातून आणलं होतं. पंचेचाळीस दिवसांचं आहे म्हणाले, डॉक्टरांनी दात बघून सांगितलं की जेमतेम महिन्याचं असेल, आणि आठव्या दिवशी पार्वो व्हायरसनं गेलं. काका-काकूंना हे सांगितलं तर काकूंनी नियमच म्हणून दाखवले, २०१७ पासून ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, मादी १८ महिन्यांची व्हायच्या आत लावायची नाही, आयुष्यात पाचाच्या वर वेतं नाहीत. त्या स्वतः तीनवर थांबतात. दोघं रिटायर्ड, हा यांचा धंदा नाही, दोन माद्या आणि एक म्हातारी आजी-कुत्री, सगळ्या घरातच, सोफ्यावर.

पहिल्या भेटीत चहा-पोहे झाले आणि काकूंनी आमच्या ह्यांना जमिनीवर बसवलं, आजी हुंगत होती, अर्धा तास नुसतं बसायचं. ह्यांनी दहाव्या मिनिटाला फोन काढला. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे शिकवायचं तुलाच आहे."

पिल्लू ३५ हजाराला पडलं, महाग आहे, पण मायक्रोचिप, केनेल क्लबचे कागद, लसीचं कार्ड, आईबापाच्या पीआरएचा (डोळ्यांचा आजार, हळूहळू आंधळं करतो) टेस्ट रिपोर्ट, सगळं हातात दिलं. मला ठिपकेवाला हवा होता आणि हा तर पांढराफटक, तर काकू म्हणे थांब, रोन आहे, ठिपके मागाहून येतात. खरंच आले, केशरी, पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरावा तसे. नाव जिरावनच ठेवलंय, हाक मारताना जिरू.

आता ट्रेनिंग. आठ रविवार, सकाळी सहाला (हो, सहाला, थंडीतसुद्धा). काका शिट्टीवर शिकवतात. एक लांब शिट्टी म्हणजे जिथे असशील तिथे बस, बारीक बारीक चार-पाच म्हणजे परत ये. शिट्टी एक्मे कंपनीची दोनशे साडेदहा (२१०.५) नंबरचीच घ्यायला लावतात, मला वाटलं उगाच नखरे, पण कारण पटलं, त्या नंबरच्या प्रत्येक शिट्टीचा सूर एकच असतो, हरवली तर नवी आणायची, कुत्र्याला फरक कळत नाही आणि आपला आवाज चिडला तरी शिट्टी चिडत नाही. ही जात मुळात झुडपातून वुडकॉक पक्षी उठवायला, कॉकर नाव त्यावरूनच. आपल्याकडे शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद, म्हणून काका जुन्या टॉवेलची गुंडाळी गवतात लपवतात आणि कुत्रा नाक खाली घालून शेपूट फिरवत ती शोधतो, आणतो, हातात देतो, दात न लावता. जिरूनं पहिल्यांदा आणली तेव्हा ह्यांनी फोन खिशात ठेवून टाळ्या वाजवल्या.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र फुकट मिळाली. कॉकरचे कान ताटात बुडतात, वरण-भात लागला की चिकट होतात, वास मारतात. काकूंनी जुन्या सॉक्सचा पंजा कापला, उरलेली नळी जिरूच्या डोक्यावरून सरकवून दोन्ही कान आत घातले, झाली टोपी. जेवण झालं की काढायची. कान धुवायला औषध घालून मुळाशी पचपच आवाज येईस्तोवर चोळायचं, मग कापसानं पुसायचं, बड अजिबात नाही. पावसाळ्यानंतर कुसळं निघतात त्या दिवसांत फिरून आलं की कान आणि पंजे रोज चाचपायचे, कुसळ उलटं फिरत नाही, आतच जातं. हे आम्हाला डॉक्टरकडेही कुणी सांगितलं नव्हतं.

एक स्टार कापलाय तो काकांसाठी. माणूस सोन्यासारखा पण बोलायला लागला की थांबत नाही, लॉइड नावाच्या इंग्रजाच्या कॉकरनी क्रफ्ट्स हा तिकडचा मोठा डॉग शो सहा वेळा जिंकला ही गोष्ट मी आठ रविवारांत पाच वेळा ऐकली, तोवर ऊन चढतं आणि पोरं उपाशी. शिवाय दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत, केलात तर काकू संध्याकाळी त्यावरून ऐकवतात. आणि शी उचलायची पिशवी विसरलात तर त्या दिवशी क्लास नाही, सरळ घरी पाठवतात, ह्यांना दोनदा पाठवलंय.

पुढचं वेत दिवाळीनंतर आहे म्हणे, नंबर आत्ताच लावा. माझ्या नणंदेचा तिसरा आहे.