दहापट भिंग, सहा महिने आणि रानातली अ‍ॅस्टर

मागच्या सप्टेंबरात आई इथे न्यू जर्सीला आली होती. डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठाने फिरताना जांभळी फुलं दिसली आणि ती म्हणाली, "अगं, ही तर आपल्या मंडईतली अ‍ॅस्टर!" मीही हो म्हणून टाकलं. घरी येऊन शोधलं, तर आई निम्मीच बरोबर निघाली. मंडईत दसऱ्याला ढिगाने येणारी अ‍ॅस्टर म्हणजे कॅलिस्टेफस, मूळची चीनची. इथली रानातली वेगळी, आणि तीसुद्धा वनस्पतीशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात अ‍ॅस्टर प्रजातीतून काढून सिम्फियोट्रायकममध्ये टाकली. कूळ मात्र दोघींचं एकच, शेवंती-झेंडूचं. मग 'ही नक्की कोणती?' हा किडा डोक्यात शिरला, आणि यंदा मे महिन्यात हे घडीचं भिंग घेतलं. तीन काचांचं, दहापट मोठं दाखवणारं, सोनार डोळ्याला लावतात तसलं.

पहिले दोन आठवडे पैसे वाया गेले असंच वाटत होतं. आजोबा पंचांगावर धरायचे तसं मी ते हात लांब करून फुलावर धरत होते. दिसायचं काय, तर धुकं. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि फूल इंचभर अंतरावर आणायचं, हे कळल्यावर सगळं उघडलं. 'पाकळी' म्हणतो ते प्रत्येकी एक स्वतंत्र फूल, त्याला म्हणायचं किरण. मधली पिवळी टिकली म्हणजे इवल्या नळीसारख्या फुलांची दाटी. शाळेत सूर्यफुलावर हे पाठ केलं होतं, पाहिलं आत्ता.

जूनमध्ये फजिती झाली. रस्त्याकडेला पांढरी फुलं दिसली आणि 'अ‍ॅस्टर लवकर आली' म्हणून मी फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. ती फ्लीबेन निघाली, अ‍ॅस्टरसारखंच दिसणारं दुसरं रानफूल, शास्त्रीय नाव एरिजेरॉन. फरक फुलाच्या तोंडावर नसतो, बुडाशी असतो. फ्लीबेनच्या खालची हिरवी खवली साधारण सारख्या उंचीची, एका कुंपणात उभी केल्यासारखी. अ‍ॅस्टरची कौलांसारखी, एकावर एक चढलेली. तेव्हापासून आधी फूल उलटं करून बघते.

ऑगस्टमध्ये झाडाखालच्या सावलीत पांढरी वुड अ‍ॅस्टर फुलली. हिला भिंगाची फारशी गरजच नाही: पानं हृदयाच्या आकाराची, दातेरी, देठाची, फुलाला किरण जेमतेम पाच ते दहा, विस्कटलेले.

भिंगाचे पैसे वसूल झाले ते सप्टेंबरात. तीच कालव्याकाठची जांभळी. फोनमधलं ॲप एकाच झुडपाला सकाळी न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर म्हणायचं, संध्याकाळी न्यूयॉर्क अ‍ॅस्टर. आधी पान बघितलं. देठ नाहीच, पानाचं बूड दोन्ही बाजूंनी खोडाला मिठी मारून बसलेलं, खोड केसाळ. किरण मोजले, ५८. मग फुलाखाली भिंग लावलं आणि खवल्यांवर बारीक केस दिसले, प्रत्येकाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा चमकता थेंब. बोट लावलं तर चिकट. ही न्यू इंग्लंड अ‍ॅस्टरची खूण; न्यूयॉर्क अ‍ॅस्टरला असे चिकट केस नसतात आणि तिची पानंही बरीच गुळगुळीत असतात. मी वाकलेली असताना शेजारच्या फुलावर मोनार्क फुलपाखरू येऊन बसलं. मेक्सिकोला निघालेलं, त्याला माझं काय पडलंय!

आता तक्रारी. भिंगाला एक दिवा जोडलाय, तो निव्वळ शोभेचा. फूल पांढरं असेल तर उजेडाने उलट सगळं पुसून जातं. मी बॅटरी काढूनच टाकली. बिजागरीचा स्क्रू तिसऱ्या महिन्यात ढिला झाला. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर नाही. चष्म्याच्या पेचकसाने मीच आवळला. दहापटीत वाऱ्याची झुळूकसुद्धा वादळ वाटते, म्हणून डाव्या हातात देठ आणि उजवा हात गालाला टेकवलेला, अशी कसरत. जाणारे-येणारे बघतात. आणि गवतात गुडघे टेकून बसत असाल तर घरी आल्यावर गोचीड तपासा, इथे त्यातून लाइम रोग होतो.

वीसपटीचं मिळत होतं, घेतलं नाही ते बरं झालं. त्यात फूल आणखी जवळ धरावं लागतं आणि दिसतो फारच छोटा तुकडा. नुसती 'कसलंसं फूल' ओळखायची हौस असेल तर फोन पुरे. दोन सख्ख्या बहिणींत फरक करायचा असेल तर हे घ्या, आणि दोरीने गळ्यात अडकवा, माझं दोनदा गवतात हरवलंय.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला ते चिकट केस दाखवायचा प्रयत्न केला, भिंगावर फोन टेकवून. काही दिसेना. ती म्हणाली, "पुढच्या दसऱ्याला तूच ये ते भिंग घेऊन. मंडईतल्या अ‍ॅस्टरचं बूड बघू."