नाण्यांची ओळख आणि किंमत: इंदूरच्या सराफ्याजवळील एका दुकानाचा अनुभव

इंदूरच्या सराफा बाजाराला लागून असलेल्या एका बोळात, चांदीच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर, जुन्या नाण्यांचे एक लहानसे दुकान आहे. दुकानाचे नाव लिहू नका, अशी तिथल्या काकांनी मला विनंती केली आणि तिचे कारण ऐकल्यावर मीही ती मान्य केली. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेले नाणे लाखोंना जाते असे मोबाइलवर वाचून लोक जिना चढून येतात आणि ते 2012 सालचे, 5 किंवा 10 रुपयांचे साधे चलनी नाणे आहे असे सांगितले की रागावून निघून जातात. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कर किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता. त्याचा छापील कागद काकांनी गल्ल्याच्या काचेखाली ठेवला आहे.

मी 31 वर्षे बँकेत रोखपालाच्या खिडकीवर बसले. त्या काळात हाताखालून गेलेल्या नाण्यांतले एखादे वेगळे वाटले की माझ्याजवळचे पैसे पेटीत टाकून ते बाजूला ठेवायची सवय होती. त्या नाण्यांबरोबर सासऱ्यांचा पत्र्याचा डबाही घरात होता. त्यात चांदीचे सात रुपये, भोकाचे पैसे, काही पावल्या आणि अधेल्या, शिवाय इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांची मुखमुद्रा असलेली 1935 सालची तांब्याची दोन नाणी होती. एवढे सगळे घेऊन मी दोन फेऱ्या केल्या. दहा नाण्यांपर्यंत 200 रुपये शुल्क आहे, आणि तुम्ही काही विका अथवा विकू नका, ते द्यावेच लागते. मला हे आवडले, कारण फुकट मिळणारी किंमत बहुधा विकत घेणाऱ्याच्या सोयीची असते.

काका नाणे हातात घेतल्याबरोबर किंमत सांगत नाहीत. आधी लोहचुंबक, मग ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा, मग दहापट मोठे दाखवणारे भिंग, असा त्यांचा क्रम आहे, आणि भिंग ते ग्राहकाच्याच हातात देतात. मी कित्येक वर्षे जपलेला 1985 सालचा एक रुपया मी सर्वांत आधी पुढे केला. सालाजवळ बारीक इंग्रजी ‘एच’ आहे, आणि हेच नाणे अडीच लाखांना जाते असे मी स्वतः वाचले होते. काकांनी माझ्याकडून त्याच्याशेजारी चार साधी नाणी मांडून घेतली आणि सालाखालच्या खुणा वाचायला लावल्या. मुंबईच्या टाकसाळीचा पत्त्यांतल्यासारखा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याची काहीच खूण नाही, एवढे पाठ झाले की गल्ल्यातली बहुतेक नाणी आपली आपण ओळखता येतात. 1985 साली नाण्यांची टंचाई होती, म्हणून काही रुपये ब्रिटनमध्ये पाडून घेतले गेले, आणि ‘एच’ ही बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीची खूण आहे. 1988 च्या 50 पैशांवर दिसणारा ‘सी’ ओटावाचा, तर 1999 च्या काही पाच रुपयांवरची अक्षरे मॉस्कोची. “ताई, परदेशात पाडले म्हणून दुर्मीळ होत नाही. असे कोट्यवधी आले होते,” असे म्हणून त्यांनी माझा रुपया मला परत दिला. तो न झिजलेला, टाकसाळीची चकाकी शाबूत असलेला असता तर संग्राहकाने थोडेफार जास्त दिले असते. माझा तर भाजीवाल्यांच्या हातांतून फिरून गुळगुळीत झालेला आहे.

खरी गंमत पाच रुपयांच्या एका नाण्यात निघाली. 1990 च्या दशकातले, तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे हे जाड नाणे मी एका व्यापाऱ्याच्या थैलीतून वेगळे काढले होते. त्याचा छापा एका बाजूला सरकलेला असून उरलेल्या जागेत चंद्रकोरीसारखा कोरा धातू दिसतो. चुंबकाला ते चिकटले नाही. 2007 नंतरचे पोलादी पाच रुपये चिकटतात. काट्याने 8.97 ग्रॅम दाखवले, म्हणजे मूळच्या 9 ग्रॅमच्या अगदी जवळ. त्यानंतर काकांनी जवळजवळ पाच मिनिटे फक्त कड पाहिली. ठसा पडताना कोरी चकती मधोमध न बसल्यास धातू एका बाजूला पसरतो आणि नाण्याची गोलाई बिघडते. बाहेर हातोडीने ठोकून केलेल्या नकली ‘एरर’ (टाकसाळीच्या चुकीने बिघडलेले म्हणून खपवलेल्या) नाण्यात मात्र अक्षरे दबतात आणि धातूवर घावाच्या खुणा राहतात. माझे नाणे खरे ठरले. साल पूर्ण वाचता येते म्हणून त्याला अधिक मागणी आहे, साल कापले गेले असते तर किंमत बरीच उतरली असती, हेही त्यांनी समजावून सांगितले. त्याच वेळी शेजारच्या बाकावरच्या मुलाने दोन्ही बाजूंना सिंह असलेले नाणे काढले, तेव्हा भिंगाखाली किनारीच्या आतली सांध्याची रेषा त्यानेच पाहिली: दोन नाणी कापून एकमेकांत बसवली होती.

चांदीच्या रुपयांची कथा दुःखद आहे. आमच्याकडे दर लक्ष्मीपूजनाला ते चिंच-मिठाने घासून लखलखीत करण्याची रीत होती, आणि त्याचे समांतर ओरखडे भिंगाखाली शेतातल्या सऱ्यांसारखे दिसतात. 1939 पर्यंतच्या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम असून त्यात सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी असते, तर 1940 ते 1945 च्या रुपयात निम्मीच. त्यामुळे माझ्या सहा रुपयांची किंमत आता चांदीच्या भावाच्या फारशी वर जात नाही. सातवा रुपया मात्र 1911 चा आहे. त्यावर पंचम जॉर्जच्या पोशाखावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि 1912 पासून त्याची सोंड लांब करण्यात आली. तेव्हापासून या नाण्याचे नाव ‘पिग रुपया’ पडले ते पडलेच. हा कसा कोण जाणे चिंचेतून सुटला होता आणि त्याच्यावर करड्या-निळ्या रंगाची जुनी छटा टिकून होती. काकांनी ती छटा पुसू नका म्हणून मला दोनदा बजावले.

आता तक्रारी. पहिली अशी की किंमत तोंडीच सांगितली जाते. लेखी मूल्यांकन मागितल्यावर काकांनी हसून विषय बदलला. वाटणीच्या वेळी भावंडांपुढे काहीतरी ठेवायचे असते, तेव्हा तोंडी आकडा उपयोगाचा नाही. दुसरी त्याहून मोठी: किंमत ठरवणारा आणि विकत घेणारा माणूस एकच आहे. पाच रुपयांच्या नाण्यासाठी त्यांनी स्वतः सांगितलेल्या किमतीच्या सुमारे दोन तृतीयांश देऊ केले. तसे आधीच उघडपणे सांगितले ही त्यांची सचोटी, पण मी विकले नाही. घरी येऊन मी लिलावांतल्या किमती पाहिल्या. तिथेही विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष व्यवहारात मिळालेली किंमत यांत मोठे अंतर असते. मी फक्त दुसरी पाहिली आणि काकांचा आकडा तिच्या जवळच निघाला.

तिसरी तक्रार ऐकायला किरकोळ वाटेल. नाणी परत देताना ते मऊ प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटांत घालतात. चार महिन्यांनी मी पाकिटे उघडली तेव्हा होळकरांच्या एका नाण्यावर चिकट हिरवट थर चढला होता. पीव्हीसी या मऊ प्लॅस्टिकमधून निघणारी द्रव्ये तांब्याला असे करतात, हे नाण्यांच्या व्यापाऱ्याला ठाऊक असायला हवे. अॅसिटोनमध्ये बुडवून, न घासता, तो थर निघाला, तरी मुद्रेच्या नाकापाशी एक फिकट डाग राहून गेला आहे. दुसऱ्या फेरीत मी तो त्यांना दाखवला. त्यांनी चूक कबूल केली, शुल्क घेतले नाही, आणि तरीही नवी नाणी त्याच पाकिटांत घालायला लागले. मी हात आडवा केला.

सकाळी अकरा ते एक या वेळेत खिडकीतून चांगला उजेड येतो, दुपारनंतर ट्यूबलाइटमध्ये नाण्याचा खरा रंग कळत नाही. जिना अरुंद आहे आणि कठडा एकाच बाजूला आहे. जाताना कागदी पाकिटे घरूनच न्यावीत.