पाठ्यपुस्तक की मूळ कागदपत्रे? अमेरिकेचा इतिहास शिकवताना

५ मार्च १७७० ची रात्र. तेव्हा ब्रिटिश वसाहतीत असलेल्या बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात पाच जण मेले. पाठ्यपुस्तकात हा प्रसंग एका परिच्छेदात संपतो. पण त्याआधी १७६५ चा स्टँप कायदा (वसाहतींतल्या छापील कागदांवर ब्रिटिशांचा कर), १७६७ चे टाउनशेंड कर (आयात मालावरचे), १७६८ मध्ये शहरात उतरलेली फौज अशी साखळी मुलांच्या हाती लागते. सहावी-सातवीच्या मुलांना ती लागतेच. तिच्याविना बॉस्टनकरांचा राग कशाचा, हेच कळत नाही.

मूळ कागदपत्रांचा रस्ता वेगळा. बॉस्टनचा कारागीर पॉल रिव्हिअर याचे या गोळीबाराचे गाजलेले चित्र वर्गात लावा. सैनिक शिस्तीत रांगेत उभे, मागे त्यांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन गोळीबाराचा हुकूम देतोय, जमाव निःशस्त्र. मग प्रेस्टनची स्वतःची हकिगत वाचायला द्या: लाठ्या आणि बर्फाचे गोळे घेऊन आलेली माणसे, आणि ‘मी हुकूम दिलाच नाही’ हे त्याचे म्हणणे. मुले आपणहून भांडायला लागतात. खटल्यात सैनिकांचे वकीलपत्र जॉन अ‍ॅडम्सने घेतले, प्रेस्टन सुटला, सहा सैनिकही सुटले, दोघे सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस ‘शत्रू’च्या बाजूने का उभा राहिला? या एका प्रश्नासाठी मी पूर्ण तास देईन.

अडचण भाषेची. अठराव्या शतकातली इंग्रजी लहान मुलांना जड जाते, वेळही फार खाते. म्हणून धाकट्यांना पुस्तक आणि सोबत हे एक चित्र. नववीपासून मात्र कागदपत्रेच आधी, पुस्तक संदर्भापुरते.