अंदमानची पाच रात्रींची सहल: एका पॅकेजचे परीक्षण

फेब्रुवारीच्या अखेरीस पुण्यातील एका सहल संस्थेमार्फत मी, पत्नी आणि सत्तरी ओलांडलेली आई असे तिघे अंदमानला जाऊन आलो. पाच रात्री आणि सहा दिवसांचा हा कार्यक्रम जवळजवळ सगळ्याच संस्था थोड्याफार फरकाने विकतात: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि पुन्हा पोर्ट ब्लेअर. त्यामुळे संस्थेचे नाव न घेता कार्यक्रमाविषयीच लिहितो. विमानाची व बोटींची तिकिटे, राहण्याची सोय, सामानाची ने-आण या बाबतींत तक्रारीला जागा नव्हती. तक्रार आहे ती वेळापत्रकाविषयी, कारण ते पुण्याच्या घड्याळावर बेतलेले होते आणि अंदमानात सूर्य आणि समुद्र दोघेही त्या घड्याळाला जुमानत नाहीत.

सप्टेंबर 2024 पासून पोर्ट ब्लेअरचे अधिकृत नाव श्री विजयपुरम झाले आहे, तर हॅवलॉक आणि नील ही बेटे डिसेंबर 2018 पासून अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप या नावांनी ओळखली जातात. तिकिटांवर नवी नावे असतात आणि रिक्षावाले जुनीच वापरतात, तेव्हा दोन्ही ठाऊक असलेली बरी. मीही येथे सवयीची नावे वापरली आहेत.

पहिल्या दिवशी दुपारी सेल्युलर जेल होते आणि या सहलीला आमच्यासोबत येण्याचे आईचे कारणही तेवढेच होते. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात पाकळ्यांपैकी, म्हणजे मधल्या मनोऱ्यापासून फुटलेल्या लांब इमारतींपैकी, आज तीनच उभ्या आहेत. एका पाकळीतील कोठड्यांची दारे पुढच्या पाकळीच्या पाठीकडे उघडतील अशी मूळ रचना होती, म्हणजे कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये. मधल्या मनोऱ्यावर उभे राहिले की ही योजना लगेच ध्यानात येते. अंगणातल्या छपराखाली कोलू ठेवलेला आहे. दिवसाला तीस पौंड खोबरेल तेल काढण्याची सक्ती हे वाक्य शाळेपासून वाचलेले असले, तरी त्या दांड्याची जाडी पाहिल्यावर त्याचा अर्थ कळतो. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, पाकळीच्या टोकाला आहे. लिफ्ट नाही आणि जिना उभा आहे. आई दोन ठिकाणी बसत, पण कोणाचाही हात न धरता वर गेली. कोठडीच्या दाराशी चपला काढून ती आत शिरली आणि बाहेर येऊन एवढेच म्हणाली, "बाबाराव याच तुरुंगात होते, आणि भावाला कळू दिलं नव्हतं म्हणे." आमच्या मार्गदर्शकाने या कोठडीसाठी नेमकी दहा मिनिटे ठेवली होती, कारण पुढे कॉर्बिन्स कोव्हचा किनारा गाठायचा होता. आम्ही तिघे बसमध्ये चढलो नाही. संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमापर्यंत तेथेच थांबलो आणि किनारा बुडाल्याची आम्हाला जराही खंत वाटली नाही. मराठी माणसाने या वास्तूला किमान अर्धा दिवस द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा दिवस रॉस बेट आणि नॉर्थ बे या जवळच्या दोन ठिकाणांचा होता. रॉस, म्हणजे आताचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, 1941 च्या भूकंपापर्यंत इंग्रजी कारभाराचे मुख्य ठाणे होते. आज तेथील चर्च, बेकरी आणि बंगल्यांच्या भिंती वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी आवळून धरल्या आहेत आणि त्यांमधून हरणे निर्धास्त हिंडतात. चढ आहे, पण ज्येष्ठांसाठी बॅटरीवर चालणारी गाडी मिळते. नॉर्थ बेविषयी थोडक्यात सांगायचे तर ते टाळले तरी चालेल: जलक्रीडांच्या तिकिटांसाठी रांगा, कर्कश गाणी आणि गढूळ उथळ पाणी. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेमागचे माडांचे चित्र याच परिसराचे, असे सर्वांना आवर्जून सांगितले जाते. आता त्या नोटेवर आपले वेरूळ आले आहे, हे मी मार्गदर्शकाला सांगितले, तेव्हा त्याने खिशातून नवी नोट काढून खात्री करून घेतली.

हॅवलॉकला जाताना खासगी वातानुकूलित बोटीने साधारण दीड ते दोन तास लागले. सरकारी बोट स्वस्त असते, मात्र तिला वेळ अधिक लागतो. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी गोळी घ्यावी आणि मधल्या भागातील आसन मागून घ्यावे; खिडकीच्या मोहाने पुढे बसलेल्या आमच्या गटातील चौघांनी तो प्रवास पिशवी हातात धरून केला.

येथे वेळापत्रकाचा पहिला फटका बसला. अंदमान पुण्याच्या जवळपास एकोणीस अंश पूर्वेला आहे, आणि घड्याळ मात्र एकच. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर सूर्य तेथे सव्वा तास आधी मावळणार हे सातवीतला मुलगाही सांगेल. कार्यक्रमपत्रिकेत 'सायंकाळी साडेपाच वाजता राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त' असे छापलेले होते. दुपारची वामकुक्षी, चहा आणि सर्वांची जमवाजमव होऊन आम्ही पोचलो, तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता आणि पाचच मिनिटांत शिट्ट्या वाजवून जीवरक्षकांनी सर्वांना पाण्याबाहेर काढले. 'टाइम' साप्ताहिकाने 2004 मध्ये आशियातील सर्वोत्तम म्हणून गौरवलेला आणि 2020 पासून 'ब्लू फ्लॅग' मानांकन असलेला हा किनारा आम्ही अंधारात पाहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही दोघे आदल्या रात्री ठरवलेल्या रिक्षाने पुन्हा तेथे गेलो. पांढरी बारीक वाळू, मागे उंच सदाहरित झाडांची भिंत आणि एवढ्या लांब किनाऱ्यावर मोजून सहा माणसे. सूर्योदय या पश्चिमेकडच्या किनाऱ्यावरून दिसत नाही, त्यासाठी पूर्वेकडे काळापत्थरला जावे लागते. परंतु झाडांमागून हळूहळू उतरणारे ऊन पाण्यावर येईपर्यंत पोहण्यात जो तास गेला, तो सहलीतील सर्वांत चांगला तास होता, आणि तो पॅकेजमध्ये नव्हता.

त्याच सकाळी गट एलिफंट बीचला गेला आणि आम्ही दोघांनी वेगळे पैसे भरून स्कूबा डायव्हिंग केले. प्रथमच करणाऱ्यांना पोहता येण्याची अट नसते, मात्र दमा, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असल्यास अर्जात खरे लिहावे. आमच्या प्रशिक्षकाने कमरेइतक्या पाण्यात पाऊण तास घालवून तोंडाने श्वास घेणे, नाक चिमटीत धरून कानांतला दाब मोकळा करणे आणि हातांच्या खुणा पक्क्या करून घेतल्या. अंगठा वर दाखवला की त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. पाण्याखाली खुशीत अंगठा दाखवणाऱ्या पत्नीला त्याने दोनदा खरोखरच वर आणले. एक महत्त्वाची गोष्ट संस्थेने सांगितली नाही, ती या प्रशिक्षकाने सांगितली: डुबकीनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जाण्यास वेळ लागतो, म्हणून एका डुबकीनंतर किमान बारा तास आणि अनेक डुबक्यांनंतर अठरा तास विमानात बसू नये. आमच्या गटातील एक कुटुंब परतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत डायव्हिंग पुढे ढकलण्याच्या विचारात होते.

एलिफंट बीचवर मी दुपारी एकटा जाऊन आलो. 2010 च्या उन्हाळ्यात समुद्राचे तापमान वाढून अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते, आणि उथळ भागात त्याच्या खुणा अजून दिसतात. राखाडी, निर्जीव दगडांवर मासे भरपूर आहेत, रंगही आहेत. परंतु माहितीपत्रकातील छायाचित्रे डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर निराशा होईल.

रात्रीचा खारफुटीतील कयाक प्रवास मात्र मी कोणालाही सुचवीन. वल्हे पाण्यात घातले की सूक्ष्म जीवांमुळे निळसर ठिणग्या उडतात. चंद्र असला की हे दिसत नाही, म्हणून अमावास्येच्या मागचे-पुढचे तीन-चार दिवस धरावेत. आमची अमावास्या केवळ योगायोगाने जुळली. पुढच्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी भिंतीवरचे कालनिर्णय उघडावे.

याच अमावास्येने नील बेटावर आमचा घात केला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, हे कोकणात ज्याचे आजोळ आहे त्याला सांगावे लागत नाही. नीलचा नैसर्गिक दगडी पूल पाहायचा तर ओहोटी हवी, कारण त्याच्या पायथ्याचे खडक आणि त्यांतील डबक्यांमधले खेकडे, समुद्रकाकड्या, प्रवाळ हे सारे पाणी उतरल्यावरच उघडे पडते. आम्हाला तेथे सकाळी दहाला नेले, ऐन भरतीला. ओहोटी चारच्या सुमारास होती आणि आमची परतीची बोट त्याआधीच सुटणार होती. भरती-ओहोटीचे तक्ते वर्षभर आधी छापले जातात. भरतपूर आणि लक्ष्मणपूर हे किनारे आधी घेऊन नीलवर एक रात्र काढली असती, तर काही बिघडले नसते. त्यासाठी पोर्ट ब्लेअरची एक रात्र कमी करावी लागते, आणि संस्थेची हॉटेलशी बोलणी तिकडची झालेली असतात, असे मार्गदर्शकाने खासगीत कबूल केले.

जेवणाचे सांगायचे तर संस्थेचा आचारी सोबत होता आणि रोज आमटी-भात, एकदा पिठले-भाकरीही झाली. आई त्यावर संतुष्ट होती, त्यामुळे या सोयीला नावे ठेवणार नाही. परंतु हॅवलॉक आणि नील येथे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वस्ती केली आहे, आणि नीलच्या बाजारातील एका साध्या खानावळीत मोहरीच्या रश्शातील मासा आणि भात खाल्ल्यावर आधीचे चार दिवस आपण काय गमावले, हे मला कळले.

शेवटच्या सकाळी विमानतळावर सामानाच्या तपासणीत आमच्या गटातील एका बाईंच्या बॅगेतून प्रवाळाचे तीन तुकडे निघाले. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते बाळगणे हा गुन्हा आहे, आणि हे त्यांना सहा दिवसांत कोणी सांगितलेले नव्हते. अधिकाऱ्यांनी तुकडे काढून घेतले, समज दिली आणि सोडले. मार्गदर्शक त्या वेळी रांगेच्या दुसऱ्या टोकाला आमच्याकडून अभिप्रायाचे अर्ज भरून घेत होता. मी पाचपैकी तीन गुण दिले आणि 'सूचना' या रकान्यात सूर्यास्ताची वेळ लिहिली.