ओपनफोमवर दम्याचं फुफ्फुस: अर्ध्या वर्षाच्या वापरानंतर (लेयर्सना शून्य मार्क)

परवा फोंड्यात भर दुपारी करंट गेला, यूपीएसने दोन मिनिटंपण धरलं नाही आणि ओपनफोमवर (हवा-पाण्याचा प्रवाह कॉम्प्युटरवर हिशेबाने काढणारं सॉफ्टवेअर) कित्येक दिवस चाललेला फुफ्फुसातल्या हवेचा रन मेला, म्हणून आता वेळच वेळ आहे तर लिहून टाकतो. (यूपीएसवाला म्हणतो बॅटरी वॉरंटीत येत नाही. मग वॉरंटी कशाची, डब्याची?) रन मात्र शेवटच्या सेव्ह झालेल्या टाईमपासून परत चालू झाला, तेवढं ओपनफोमला मानलं.

बेसिक सांगत बसत नाही. फुकट आहे, २००४ पासून ओपन सोर्स आहे, दोन वेगळ्या शाखा आहेत आणि एकीची केस (सेटअपच्या फायली) दुसरीत जशीच्या तशी चालेलच असं नाही. पेड सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं कोटेशन बघितलं होतं, त्या पैशात सेकंडहँड गाडी येते, त्यामुळे चॉईस नव्हताच.

वाईबेल या फुफ्फुसाच्या अभ्यासकाच्या १९६३ च्या मॉडेलवरून श्वासनलिकांचं झाड बनवलं, वर १.८ सेंटीमीटरची श्वासनळी आणि मग प्रत्येक फाट्याला दोन. खरं झाड २३ पिढ्या खाली जातं, मी पाचवीला थांबलो, म्हणजे ३२ आउटलेट (झाडाची खालची उघडी तोंडं). मिनिटाला ३० लिटर हवा ओढली की श्वासनळीत रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह शांत की खवळलेला ते सांगणारा आकडा) २००० च्या आसपास येतो, धड लॅमिनार (शांत) नाही आणि धड टर्ब्युलंट (खवळलेला) नाही, तिथून डोकेदुखी सुरू.

पण खरी डोकेदुखी स्नॅपीहेक्समेशचे (नळीच्या आतली जागा हिशेबासाठी बारीक तुकड्यांच्या जाळीत, म्हणजे मेशमध्ये, तोडणारं ओपनफोमचं टूल) लेयर्स. भिंतीलगत चार-पाच पातळ थर हवेत एवढंच मागणं आहे. सरळ नळीत झकास बसतात, आणि जिथं नळी दुभंगते त्या कॅरिनाच्या टोकावर गायब! हवा आपटते तिथंच, वॉल शिअर (भिंतीवरचं हवेचं घर्षण) जास्त तिथंच, इनहेलरचे मोठे कण चिकटतात तिथंच, आणि नेमके तिथंच लेयर नाहीत. फीचर अँगल (किती टोकदार कोपऱ्यापर्यंत थर चढवायचे ती सेटिंग) वाढवला, जाडी कमी केली, सरफेस गुळगुळीत करून बघितला, तर लेयर दुसऱ्या फाट्यावरून उडाले. वर मेश तपासणारी चेकमेश कमांड शांतपणे ‘मेश ओके’ सांगते. अरे कसला ओके?

इथपर्यंतचं लिखाण गणेश चवथीआधीचं आहे, तेव्हा २ स्टार ठरवले होते. मग दम्याची केस लावली. एका बाजूच्या काही नळ्यांचा व्यास निम्मा केला, पॉइसलच्या (नळीतल्या प्रवाहाच्या नियमाच्या) हिशेबाने तिथला रोध १६ पट. आउटलेटला फ्लो आधीच वाटून दिला तर निरोगी आणि दमेकरी दोन्हीत हवा सारखीच जाते, फक्त प्रेशर ड्रॉप वाढतो, म्हणजे जे आपण भरलं तेच उत्तर. तेच सगळ्या आउटलेटना प्रेशर शून्य दिलं की हवा अरुंद फांद्या सोडून मोकळ्या फांद्यांत पळते. दमा असाच ठिगळाठिगळाने असतो, काही भाग हवेला मुकतो. (आमच्या आत्येच्या छातीत जुलैत भिंतींना बुरशी धरली की शिट्टी वाजते, तिला याचं रंगीत चित्र दाखवलं, निळं म्हणजे हवा कमी, तर म्हणाली निळं ते माझं.)

तरी गोची उरतेच. दम्यात आकसतात त्यात २ मिलिमीटरखालच्या बारीक नळ्या खूप, त्या साध्या सीटी स्कॅनमध्येपण धड दिसत नाहीत आणि माझं झाड तर त्याच्या आधीच संपतं. उपाय म्हणजे प्रत्येक आउटलेटला खालच्या सगळ्या फांद्यांचा मिळून एक रोध जोडायचा. हे कोडेड बाउंडरी कंडिशनमध्ये (आउटलेटवरचा नियम स्वतः कोड लिहून द्यायची सोय) थोड्याशा ओळींत झालं, फुकटात, कोणाला सपोर्टसाठी मेल न करता. इथं मी खूश. फक्त ध्यानात ठेवा, इनकम्प्रेसिबल सॉल्व्हरमध्ये (हवेची घनता बदलत नाही असं धरून समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) प्रेशर पास्कलमध्ये नसतं, घनतेने भागलेलं असतं, नायतर रोधाचे आकडे सगळे चुकतील.

तर आता ३.५ स्टार. पूर्ण एक स्टार लेयर्ससाठी कापलाय आणि तो परत देणार नाही, अर्धा डॉक्युमेंटेशनसाठी. १६ जीबी रॅमवाल्यांनी पाचव्या पिढीच्या पुढे जाऊ नये, सॉल्व्हर थोडक्यात भागवतो पण स्नॅपी मेश बनवतानाच सगळी रॅम खातो.